यंत्राची पोथी आणि तिची नक्कल

(नभोवाणीवरील भाषण)

वाशीम जिल्ह्यातील कारंजा या गावी दोन प्रकारचे यात्रेकरू जातात. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून भाविक जातात, आणि तेथील जैन मंदिरांतील हस्तलिखितांची भांडारे पाहण्याकरिता विद्वान जातात. दहाव्या शतकात पुष्पदंत नावाचा कवी होऊन गेला. त्याचे अपभ्रंश भाषेतील ‘जसहरचरिउ’ हे काव्य डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादून १९३१ साली कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. मधल्या हजार वर्षांत हे काव्य टिकले कसे? ते टिकले नकलांच्या बळावर. एक पोथी जीर्ण झाली म्हणजे तिच्यावरून दुसरी लिहावयाची, आणि एकाच ग्रंथाच्या प्रती निरनिराळ्या गावी असावयाच्या, या क्रमाने आपले पुष्कळसे जुने वाङ्मय आजवर पोहोचले आहे.

अशा पोथ्यांच्या अखेरीस पुष्कळदा एक आकडा आढळतो. त्यास ‘ग्रंथाग्र’ म्हणतात. बत्तीस अक्षरांचे एक माप धरून संपूर्ण ग्रंथात अशी किती मापे भरतात, याची ती मोजदाद होय. नक्कल करणाराची मजुरी त्या आकड्यावरून ठरे, आणि नकलेत एखादे पान गळले असल्यास तेही त्यावरून उमगे.

श्रोते हो, आजचा विषय पोथीचा नाही, राउटर नावाच्या यंत्राचा आहे. परंतु त्या यंत्रापुढील प्रश्न पोथीपुढील प्रश्नासारखाच आहे. मूळ प्रत नाहीशी झाली तर नक्कल कोठे आहे? ती बिनचूक आहे काय? आणि गरजेच्या घटकेस ती हाती येईल काय?

राउटर कशाला म्हणतात, हे शहरातील सुशिक्षित कुटुंबास सांगावयास नको. भिंतीवर बारीक हिरवे दिवे लुकलुकवीत बसलेली ती लहानशी पेटी आता घरोघरी झाली आहे. टपालकचेरीतील वाटणी करणारा कारकून ज्याप्रमाणे प्रत्येक पाकिटाचा पत्ता पाहून ते योग्य त्या थैलीत टाकतो, त्याप्रमाणे ही पेटी प्रत्येक निरोप योग्य त्या वाटेने धाडीत असते. हे काम करावयास तिला जी आज्ञावली लागते, ती तिच्या पोटातील एका स्मृतिकोशात लिहून ठेवलेली असते. हिलाच फर्मवेअर म्हणतात. वीज गेली तरी ती पुसली जात नाही.

या फर्मवेअरखेरीज त्या पेटीत आणखी एक गोष्ट असते. कोणत्या कचेरीस कोणता पत्ता, कोणास आत येऊ द्यावयाचे, कोणास अडवावयाचे, परवलीचे शब्द कोणते, इत्यादी स्थानिक मांडणी निराळ्या फाइलमध्ये नोंदलेली असते. फर्मवेअर हे त्या जातीच्या सर्व पेट्यांत सारखेच असावयाचे. मांडणी मात्र प्रत्येक पेटीची स्वतःची. पहिले हरवले तर ते निर्मात्याकडून पुन्हा मिळण्याचा तरी संभव असतो. दुसरी हरवली तर ती जगात अन्यत्र कोठेही नसते. राखीव प्रत दोहोंची हवी. परंतु हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढील निवड पुष्कळशी याच भेदावर अवलंबून आहे.

आता वाशीम जिल्ह्यातील रिसोड अथवा मानोरा यांसारख्या तालुक्याच्या गावचे एखादे कार्यालय डोळ्यांपुढे आणावे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून निराळा होऊन हा सहा तालुक्यांचा जिल्हा अस्तित्वात आला. सातबाराचा उतारा, फेरफाराची नोंद, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विम्याची नोंदणी, ही सारी कामे आता तारेतून होतात. समजा, जुलै महिना आहे. सोयाबीनची पेरणी आटोपून शेतकरी विम्याच्या अर्जासाठी रांगेत उभे आहेत, आणि मुदत दोन दिवसांत संपावयाची आहे. दुपारी वळवासारखा गडगडाट होतो, वीज दोनदा जाते आणि दोनदा येते. आणि राउटर जागा होता होता मध्येच थांबतो. त्याचे दिवे लागतात, पण तो कोणाचेच ऐकत नाही. त्याच्या स्मृतिकोशातील फर्मवेअर भ्रष्ट झाले आहे. पेटी धडधाकट आहे. केवळ तिची पोथी फाटली आहे.

अशा वेळी त्या पेटीत एक अगदी लहानशी मूळ आज्ञावली शाबूत राहिलेली असते. तिला फार थोडे येते. कोणी फाइल दिली तर ती घेऊन स्मृतिकोशात उतरवावी, एवढेच ती जाणते. ज्या यंत्रांत याहून दुसरी वाट नसते, तेथे ही फाइल एका जाड तारेतून, ज्या तारेने तंत्रज्ञ यंत्राशी प्रत्यक्ष बोलतो त्या तारेतून, एकेक अक्षर करून चढवावी लागते. या तारेचा रूढ वेग दर सेकंदास ९६०० बिट, म्हणजे सुमारे ९६० अक्षरे, एवढाच. फाइल तीन कोटी अक्षरांची असेल तर ती चढावयास साडेआठ तासांहून अधिक वेळ लागेल. आणि मध्ये वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ. वेग बारापट वाढविता आला तरी पाऊण तास जातोच. आणि हे सारे फाइल हाताशी असेल तर! ती नसेल, तर निर्मात्याच्या भांडारातून आणावी लागते. तेथे पुष्कळदा देखभालीचा करार असल्यावाचून दार उघडत नाही, आणि यंत्र जुने झाले असेल तर त्याची फाइल भांडारातून काढून टाकलेलीही असू शकते.

हे भय काल्पनिक नव्हे. २०१७ च्या जुलै महिन्यात आपल्या देशातील सरकारी दूरसंचार सेवेच्या ग्राहकांची हजारो मोडेमे एकाएकी निकामी झाली. वृत्तपत्रांत साठ हजारांच्या आसपासचा आकडा प्रसिद्ध झाला. यंत्रांवर कारखान्यातील मूळचाच परवलीचा शब्द तसाच ठेवलेला होता, आणि त्या वाटेने शिरणारी दुष्ट आज्ञावली यंत्राची स्मृतीच खरडून टाकीत असे. पुढल्याच वर्षी, २०१८ च्या मे महिन्यात, ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाची दुसरी आज्ञावली उघडकीस आली. चोपन्न देशांतील किमान पाच लाख यंत्रांत तिने ठाणे दिले होते. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले तरी तिचा एक भाग आत तसाच टिकून राही. अशा वेळी यंत्रातील सारे पुसून शुद्ध फर्मवेअर नव्याने बसविणे हाच खरा उतारा ठरतो. तो ज्याच्या कपाटात आधीच ठेवलेला असेल, त्याचे काम चालते.

तेव्हा राखीव प्रत हवी, याविषयी मतभेद नसावा. प्रश्न आहे तो प्रत नेऊन ठेवावयाच्या साधनाचा. राउटर आपली फाइल तारेतून धाडतो. ती घेणारी, ठेवणारी आणि मागताच परत देणारी आज्ञावली दुसऱ्या एखाद्या संगणकावर बसवावी लागते. तिला सर्व्हर म्हणतात. अशा आज्ञावल्या फुकट मिळतात, विकतही मिळतात, आणि प्रत्येकीची जाहिरात तीच उत्तम असे सांगते. निवडणाराने नावांच्या मागे लागण्यापूर्वी त्यांची घराणी ओळखावीत. घराणी मुख्यतः तीन आहेत.

वयाने वडील घराणे एफ.टी.पी.चे. त्याची पहिली नियमावली १९७१ च्या एप्रिल महिन्यात अभय भूषण या भारतीय तरुणाने अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत असताना लिहिली. कानपूरच्या आय.आय.टी.तून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील हे विद्यार्थी होत. आज प्रचलित असलेली नियमावली १९८५ सालची आहे. या पद्धतीत नाव आणि परवलीचा शब्द विचारला जातो, कपाटांची यादी पाहता येते, मोठमोठ्या फाइली विनासायास जातात. दोष एकच, परंतु तो मोठा आहे. परवलीचा शब्द आणि फाइल ही दोन्ही तारेतून उघडीच जातात. वाटेत कान देऊन बसलेल्या माणसास ती पोस्टकार्डाप्रमाणे वाचता येतात.

दुसरे घराणे टी.एफ.टी.पी.चे. नावातील पहिले अक्षर ‘क्षुल्लक’ या अर्थाचे आहे, आणि ते विनयाने घेतलेले नाही. कॅरेन सॉलिन्स यांनी १९८१ साली लिहिलेली आणि १९९२ साली सुधारलेली ही नियमावली मुद्दामच तोकडी ठेवलेली आहे. ‘फाइल दे’ आणि ‘फाइल घे’ या दोनच गोष्टी तीत आहेत. नाव विचारावयाचे नाही, परवलीचा शब्द नाही, कपाटात काय आहे याची यादीही नाही. फाइलीचे ५१२ अक्षरांचे तुकडे करावयाचे, एक तुकडा पाठवावयाचा, पोच येईपर्यंत थांबावयाचे, मग पुढला पाठवावयाचा. एखाद्या लहान मुलाने एकेक वीट नेऊन द्यावी आणि ‘मिळाली’ म्हटल्यावर दुसरीसाठी परत यावे, तसा हा प्रकार आहे.

तिसरे घराणे एस.एस.एच.चे. १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युलेनेन यांनी ते सुरू केले. एस.सी.पी. आणि एस.एफ.टी.पी. या फाइल नेण्याच्या रीती याच घराण्यातील होत. यात प्रत्येक अक्षर कुलूपबंद होऊन जाते, आणि समोरचा सर्व्हर खरा आहे की तोतया, हेही तपासता येते. १९९९ पासून ओपनएसएसएच या नावाने त्याची एक आवृत्ती मोफत मिळते. लिनक्सवर ती बहुधा असतेच. विंडोज १० मध्येही २०१८ पासून ती निवडून बसविता येते.

एवढे ऐकल्यावर कोणीही सुज्ञ श्रोता म्हणेल की, मग निवडीचा प्रश्न उरतोच कोठे? तिसरे घराणे घ्यावे, पहिली दोन मोडीत काढावीत. बहुतेक तरुण तंत्रज्ञही हेच सांगतात, आणि त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे ध्यानात येण्यास रिसोडच्या त्या मूर्च्छित पेटीकडे पुन्हा वळले पाहिजे. फर्मवेअर गमावलेल्या राउटरमध्ये जी लहानशी मूळ आज्ञावली जागी असते, तिला कुलपे उघडता येत नाहीत. त्यासाठी लागणारे गणित तिच्या आवाक्याबाहेरचे असते. पुष्कळशा यंत्रांतील या मूळ आज्ञावलीस तारेच्या जाळ्यावरून फाइल मागण्याची एकच भाषा येते, आणि ती भाषा म्हणजे तोकडी टी.एफ.टी.पी. कित्येक घरगुती राउटर तर चालू होताना काही क्षण ठराविक पत्त्यावर याच भाषेत हाक मारतात किंवा हाकेची वाट पाहतात, आणि उत्तर न आल्यास गप्प बसतात.

म्हणजे धडधाकट राउटर प्रत पाठवू शकतो उत्तम मार्गाने. आजारी राउटर ती परत घेऊ शकतो केवळ साध्या मार्गाने. जो मनुष्य फक्त पाठवण्याचा विचार करून सर्व्हर निवडतो, त्याची प्रत भक्कम तिजोरीत सुखरूप राहते, आणि ऐन वेळी त्या तिजोरीचे दार रोग्याच्या खोलीकडे उघडत नाही. निवड करावयाची ती परतीच्या प्रवासावरून. हे एकच सूत्र आजच्या भाषणातून श्रोत्यांनी घरी न्यावे.

या सूत्राप्रमाणे चालावयाचे तर सर्व्हर एक नको, दोन हवेत. आणि दोहोंची कामे निराळी हवीत. नित्याच्या नोंदीसाठी, विशेषतः परवलीचे शब्द असलेल्या मांडणीच्या फाइलीसाठी, एस.एस.एच. घराण्यातील सर्व्हर. तो सदैव चालू असावा, त्यावर प्रत्येक तंत्रज्ञाचे नाव निराळे असावे, आणि कोणी केव्हा काय ठेवले याची नोंद राहावी. दुसरा टी.एफ.टी.पी.चा. तो मात्र अग्निशामक बंबाप्रमाणे भिंतीवर टांगलेला असावा, नित्य वापरात नसावा. एखाद्या जुन्या लॅपटॉपवर तो बसवावा, आणि गरज पडेल तेव्हाच, जाळ्यापासून वेगळ्या केलेल्या एका तारेने राउटरशी जोडून, चालू करावा. काम झाले की बंद. ज्या सर्व्हरला परवलीचा शब्दच नाही, तो रात्रंदिवस चालू ठेवणे म्हणजे घराचे दार लोटून गावाला जाणे होय. फाइलीचे नाव ओळखणारा कोणीही ती घेऊन जाईल. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिच्या जागी दुसरीच ठेवून जाईल.

एफ.टी.पी.चे स्थान यात कोठे? राउटर इतका जुना असेल की त्यास एस.एस.एच. येतच नाही, आणि फाइल इतकी मोठी असेल की टी.एफ.टी.पी. पुरत नाही, तेथे बंद खोलीतल्या बंद जाळ्यावर एफ.टी.पी. वापरण्यास हरकत नाही. या घराण्याचीच कुलूपबंद शाखाही आहे, तिला एफ.टी.पी.एस. म्हणतात. नावातील साम्यामुळे ती आणि एस.एफ.टी.पी. एकच, असा समज होतो. तो चुकीचा आहे. फाइलझिला सर्व्हर या सुप्रसिद्ध मोफत आज्ञावलीत एफ.टी.पी. आणि एफ.टी.पी.एस. आहेत, एस.एफ.टी.पी. नाही. राउटरच्या पुस्तिकेत कोणते नाव छापले आहे, हे अक्षर अक्षर लावून वाचल्यावाचून काहीही उतरवून घेऊ नये.

घराणी ठरल्यावर प्रत्यक्ष आज्ञावली निवडताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट आकाराची. टी.एफ.टी.पी.च्या मूळ नियमात तुकड्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंतच मोजता येतात. प्रत्येक तुकडा ५१२ अक्षरांचा. म्हणजे सारी फाइल ३ कोटी ३५ लाख ५३ हजार ९२० अक्षरांच्या आत हवी. आजची कित्येक फर्मवेअरे याहून कितीतरी मोठी असतात. मोठे तुकडे पाठविण्याची मुभा १९९८ च्या पुरवणी नियमाने दिली. परंतु ती सर्व्हर आणि राउटर या दोघांनाही ठाऊक असेल तरच उपयोगी. जुना सर्व्हर फाइलीचा काही भाग घेऊन मध्येच थांबतो, आणि घाईतला मनुष्य काम झाले असे समजून उठतो.

दुसरी गोष्ट अंतराची. प्रत्येक तुकड्यास पोच येईपर्यंत थांबावयाचे असल्यामुळे येथे तारेच्या रुंदीपेक्षा तिची लांबी अधिक महत्त्वाची ठरते. तीन कोटी अक्षरांच्या फाइलीचे ५८ हजारांहून अधिक तुकडे होतात. सर्व्हर त्याच खोलीत असून जाण्यायेण्यास सेकंदाचा हजारावा भाग लागत असेल, तर सारे काम एका मिनिटात आटोपते. तोच सर्व्हर दूरच्या शहरी असून जाण्यायेण्यास सेकंदाचा विसावा भाग लागत असेल, तर पाऊण तासाहून अधिक वेळ जातो. म्हणून मूर्च्छित यंत्रास उठविणारा सर्व्हर मुंबई-नागपुरास असून भागत नाही; तो यंत्राच्या उशाशीच हवा. वाशीमच्या फर्मवेअरची एक प्रत वाशीमातच असली पाहिजे.

तिसरी गोष्ट संगणकाच्या पहारेकऱ्याची. विंडोजवर टीएफटीपीडी६४ ही लहान मोफत आज्ञावली सोयीची आहे. लिनक्सवर टीएफटीपीडी-एचपीए आहे. दोन्ही बसविल्यावर पुष्कळांची पहिली तक्रार एकच असते, की राउटर हाक मारतो आणि उत्तर येत नाही. याचे कारण बहुधा फायरवॉल असते. टी.एफ.टी.पी.ची हाक ६९ क्रमांकाच्या दारावर येते, परंतु सर्व्हर उत्तर निराळ्याच दारातून देतो; आणि पहारेकरी ते अनोळखी समजून अडवितो. लिनक्सवरील त्या सर्व्हरचा आणखी एक हट्ट आहे. मुभा दिल्यावाचून तो नवी फाइल निर्माण करीत नाही. त्या नावाची रिकामी फाइल आधीच मांडून ठेवावी लागते. या गोष्टी शांतपणी समजून घेतल्या तर पाच मिनिटांच्या आहेत. रांगेत माणसे उभी असताना त्यांस दुपार जाते.

चौथी गोष्ट वयाची. नवा सर्व्हर जितका कडक, तितका जुना राउटर त्यास परका. ओपनएसएसएचने २०२१ च्या सप्टेंबरातील ८.८ व्या आवृत्तीपासून जुन्या धाटणीची एक स्वाक्षरीपद्धती मुळातच बंद ठेवली, आणि ते योग्यच केले. परंतु ज्या राउटरांस तेवढीच पद्धती येते, त्यांचा या नव्या सर्व्हरशी संवाद तुटला. म्हणून सर्व्हर अद्ययावत केल्यावर प्रत्येक जातीच्या राउटरकडून एकदा प्रत पाठवून पाहावी. काल चालले ते आज चालेलच, असे या व्यवहारात गृहीत धरता येत नाही.

आता प्रत पोहोचली. ती बिनचूक आहे कशावरून? येथे कारंजाच्या पोथीतील ग्रंथाग्र पुन्हा उपयोगी पडते. संगणकशास्त्रात फाइलीतील प्रत्येक अक्षर हिशेबात घेऊन एक ठराविक लांबीचा आकडा काढतात. त्यास हॅश म्हणतात. जुने ग्रंथाग्र एखादे पान गळले तर सांगे. अक्षर बदलले तर सांगू शकत नसे. हॅश एका अक्षराच्या बदलानेही निराळा येतो. एम.डी.५ ही त्याची जुनी रीत वाटेतील साधी चूक पकडावयास पुरेशी आहे. परंतु दोन निराळ्या फाइलींचा एकच आकडा मुद्दाम जुळविता येतो, हे २००४ साली सिद्ध झाल्यामुळे घातपात ओळखण्यास ती विश्वसनीय उरली नाही. त्यासाठी एस.एच.ए. घराण्यातील २५६ किंवा ५१२ बिटांची रीत वापरावी. आकडा निर्मात्याने प्रसिद्ध केलेला घ्यावा, राउटरमधील फाइलीचा काढावा, आणि सर्व्हरवरील प्रतीचाही काढावा. तिन्ही जुळले तरच प्रत ठेवून द्यावी. आधीच भ्रष्ट झालेल्या फाइलीची काळजीपूर्वक केलेली नक्कल ही भ्रष्टच असते.

प्रत शुद्ध आहे. ती एकच असावी काय? २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या दुष्ट आज्ञावलीने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे जाळे काही वेळातच निकामी केले. आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिचा धक्काही त्यामुळे थांबला. या कंपनीच्या जाळ्याची मूळ नोंदवही अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली होती. परंतु ते सर्व एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे सर्वांची एकच गत झाली. वाचला तो फक्त आफ्रिकेतील घाना देशातील एक. त्या सुमारास तेथील वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून पुढे सारा संसार उभा राहिला. दैवाने जे घानात केले, ते शहाण्या माणसाने आपल्या हाताने करावे. एक प्रत सर्व्हरवर, एक तारेपासून तोडलेल्या डबीत कपाटात, आणि एक दुसऱ्या गावी. कारंजाच्या पोथीची दुसरी प्रत अन्य गावी असण्यात जो शहाणपणा होता, तोच हा.

एवढे झाले तरी काम संपत नाही. जी प्रत कधी परत बसवून पाहिली नाही, ती प्रत आहे असे म्हणणे धाडसाचे आहे. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, कामाच्या गर्दीत नसलेल्या दिवशी, एखादा जुना राउटर घ्यावा, त्यातील सारे पुसावे, घड्याळ लावावे, आणि कपाटातील लॅपटॉप, तार, फाइल आणि एक पानभर लेखी सूचना एवढ्या सामग्रीवर तो पुन्हा उभा करून दाखवावा. सूचना ज्याने लिहिल्या त्याने हे करू नये. त्याच्या हाताखालच्या नव्या माणसाने करावे. तो जेथे अडेल तेथे सूचना अपुरी आहे असे समजून ती दुरुस्त करावी. सर्व्हर कोणता चांगला, या वादाचा निकाल त्या दुपारी आपोआप लागतो.

घरच्या राउटरचे काय, असे कोणी गृहिणी वा विद्यार्थी विचारील. घरगुती पेटीतून फर्मवेअर बाहेर काढण्याची सोय बहुधा नसते. परंतु निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ते उतरवून ठेवता येते. पेटीच्या पाठीवर जातीचे नाव आणि तिची आवृत्ती छापलेली असते. दोन्ही वहीत उतरून घ्यावीत, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांची फर्मवेअरे निराळी असतात, आणि चुकीचे चढविल्यास धडधाकट पेटीही जाते. मांडणीची फाइल जतन करण्याचे बटण पेटीच्या आतील पानावर असते. ते वर्षातून एकदा दाबावे. नवे फर्मवेअर चढविताना वीज जाणार नाही अशी तजवीज करावी. आणि सर्वांत आधी, कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलावा. २०१७ साली ज्यांनी तो बदलला नव्हता, त्यांस त्याची किंमत कळली.

चौथ्या शतकातील वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली वाशीम येथे उजेडात आला. वाशीम हे तेव्हाचे वत्सगुल्म, त्याची राजधानी. दानपत्राचा मजकूर तांब्यावर कोरून देण्याची चाल का पडली, हे उघड आहे. दान घेणारास पुढे कधीतरी, कोणापुढे तरी, तो दाखवावा लागणार होता. तो दाखविण्याचा दिवस मनात धरूनच देणारा तांबे निवडीत असे.

राउटरची प्रत ठेवणारानेही तोच दिवस मनात धरावा. त्या दिवशी पाऊस असेल, वीज जाऊन येऊन असेल, बाहेर ओल्या छत्र्या मिटून माणसे उभी असतील. त्या माणसांस एस.एस.एच. ठाऊक नसेल, टी.एफ.टी.पी.ही ठाऊक नसेल. त्यांस एवढेच ठाऊक असेल की उद्या मुदत संपते. आत बसलेल्या तंत्रज्ञाने कपाट उघडावे, तार जोडावी, आणि दहा मिनिटांत बाहेर येऊन ‘चला, पहिला अर्ज द्या’ असे म्हणावे. ज्या सर्व्हरने हे शक्य होईल तो चांगला.